मध्यान्हीचा सैतान

कैरोहून अलेक्झांड्रियाकडे वाळवंटातल्या सडकेने निघाले, की साधारण अर्ध्या वाटेवर डाव्या हाताला एक खोलगट प्रदेश लागतो. त्याचे नाव वादी नत्रून. समुद्रसपाटीच्याही खाली असलेल्या या खोऱ्यात खाऱ्या पाण्याची तळी आहेत आणि त्यांच्या काठाशी सोडाखार साचतो. प्राचीन इजिप्तचे लोक तो प्रेते सुकवण्यासाठी आणि कापड धुण्यासाठी नेत. एरवी तिकडे कोणी फिरकावे असे तिथे काही नव्हते. या खोऱ्यात आणि त्याच्या उत्तरेच्या माळावर, इसवी सनाच्या चौथ्या शतकात, शेकडो माणसे आपण होऊन राहावयास गेली. कोणी शेतकरी होते, कोणी उंट हाकणारे. एकजण चक्क दरोडेखोर होता, तर एकजण बादशहाच्या राजधानीत गाजलेला पंडित. सर्वांना हवे होते ते एकच: देवाच्या जवळ जावयाचे. आणि तिथे गेल्यावर देवाच्या आधी त्यांना भेटला तो सैतान.

ख्रिस्ती धर्माचा इतिहास म्हटला, की पोप, बादशहा, धर्मयुद्धे यांचीच धामधूम आपल्याला आठवते. मला स्वतःला या धामधुमीपेक्षा त्या माळावरच्या कोठड्यांचे आकर्षण अधिक वाटत आले आहे. कारण तिथे जो प्रश्न सोडवला जात होता तो कोणत्याही धर्माच्या भाविकाला सुटलेला नाही. माणूस मनोभावे देवाकडे वळतो, आणि नेमके तेव्हाच मन नाही नाही त्या विचारांनी भरून जाते. हे का व्हावे? आपण देवापासून दूर फेकले गेलो म्हणून मोह येतो, की जवळ जाऊ लागलो म्हणून?

आपल्याकडे या प्रश्नाचे एक उत्तर पुराणांनी दिलेले आहे. विश्वामित्राचे तप वाढू लागले, की इंद्राचे आसन डळमळते आणि मग मेनका येते. म्हणजे मोह हा तप वाढल्याचाच दाखला. पण तो धाडणारा देवच, आणि तोही आपल्या खुर्चीच्या भीतीने! ख्रिस्ती शुभवर्तमानातली कथा याच वाटेने निघते आणि निराळ्या ठिकाणी पोहोचते. येशू यार्देन नदीत बाप्तिस्मा घेतो, आकाशातून वाणी होते की हा माझा आवडता पुत्र आहे. आणि लगेच, त्या पाण्याने भिजलेले अंग वाळते न वाळते तोच, पवित्र आत्माच त्याला अरण्यात नेतो. चाळीस दिवसांचा उपास घडतो. मग सैतान येऊन म्हणतो, धोंड्यांच्या भाकरी कर; मंदिराच्या शिखरावरून उडी टाक; माझ्या पाया पड, म्हणजे जगातली राज्ये तुला देतो. यांतली पहिली दोन बोलणी मत्तयाच्या वृत्तांतात एकाच संशयाने सुरू होतात: तू खरोखरच देवाचा पुत्र असशील तर. भाकर हे नुसते निमित्त. नदीकाठी जी जवळीक जाहीर झाली, तिच्यावरच घाव घालावयाचा आहे.

इथे एका शब्दाविषयी दोन शब्द. मूळ ग्रीकमध्ये या प्रसंगासाठी जो ‘पैरास्मोस’ शब्द आहे, त्याचा अर्थ मोह असाही होतो आणि परीक्षा असाही. इंग्रजीला त्यातला मोह घ्यावा लागला. मराठी बायबलाने येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत ‘परीक्षा’ हा शब्द घेतला आहे, आणि तो मला अधिक समंजस वाटतो. देवच आपल्याला मोहात लोटतो की काय, ही शंका युरोपात अजून मिटलेली नाही. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी या ओळीच्या प्रचलित भाषांतराबद्दल जाहीर नापसंती दर्शवली, आणि पुढे इटलीतील चर्चांनी २०२० साली उपासनेतले ते शब्द बदलूनही टाकले. सोळाशे वर्षांपूर्वीचे ते वाळवंटातले म्हातारे या वादाने बुचकळ्यात पडले नसते. परीक्षा आणि मोह या त्यांच्या दृष्टीने एकाच दाराच्या दोन बाजू होत्या.

या म्हाताऱ्यांचा मूळपुरुष अंतोनी. वसईला किंवा गोव्यात ज्याची चित्रे घरोघर दिसतात तो संत अंतोन हा नव्हे. तो लिस्बनमध्ये जन्मलेला आणि १२३१ साली पादुआजवळ वारलेला. आपला अंतोनी इजिप्तचा, सुमारे २५१ ते ३५६ या काळातला. म्हणजे परंपरेप्रमाणे एकशेपाच वर्षे जगलेला. चांगल्या जमीनदाराचा मुलगा. आईबाप गेल्यावर त्याने जमीन गावाला देऊन टाकली, धाकट्या बहिणीची व्यवस्था लावली आणि गावाबाहेर जाऊन राहिला. पुढे एका जुन्या थडग्यात त्याने स्वतःला कोंडून घेतले. तिथे दुष्टात्म्यांनी त्याला इतके बडवले, की भेटीला आलेल्या माणसाने तो मेला असे समजून त्याला गावात उचलून नेले. शुद्धीवर येताच अंतोनीने पुन्हा थडग्यातच नेण्याचा हट्ट धरला. सिंह, साप, विंचू यांच्या रूपांनी रात्रभर धुमश्चक्री झाली. युरोपच्या चित्रकारांना हा प्रसंग फार आवडला. बॉशने तो रंगवला, ग्रूनेवाल्टनेही रंगवला; पण त्यांच्या चित्रांत राक्षसांचीच गर्दी इतकी, की पुढची गोष्ट प्रेक्षकाच्या ध्यानातून निसटते. ती अशी: अखेर छत फाटल्यासारखे होऊन उजेड आला, वेदना थांबल्या, आणि अंतोनीने देवाला विचारले, की इतका वेळ होतास कुठे? सुरुवातीलाच का नाही आलास? उत्तर आले, की मी इथेच होतो. तुझी झुंज पाहात होतो.

अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याने अंतोनीच्या मृत्यूनंतर लवकरच त्याचे चरित्र लिहिले, त्यातला हा प्रसंग. प्रश्न विचारणाऱ्याच्या स्वरातली तक्रार चरित्रकाराने झाकली नाही, याचे मला कौतुक वाटते. ३८६ साली मिलानमध्ये ऑगस्टिन नावाच्या एका अस्वस्थ प्राध्यापकाच्या कानावर अंतोनीची हकीगत गेली आणि त्याच्या आयुष्याने कूस बदलली. पण ती निराळी कथा आहे.

मला आज सांगावयाची आहे ती त्या पंडिताची कथा. त्याचे नाव इव्हाग्रियस. काळ्या समुद्राच्या दक्षिणेला, आज तुर्कस्तानात असलेल्या पोंतस प्रांतात, सुमारे ३४५ साली तो जन्मला. कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये ग्रेगरी नाझियान्झसच्या हाताखाली तो डीकन झाला. ३८१ साली तिथे मोठी धर्मपरिषद भरली, त्या काळात वादविवादात त्याचा हात धरणारा कोणी नसे. आणि तिथेच एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्नीवर त्याचे मन जडले. तिचेही त्याच्यावर जडले. त्याचा शिष्य पलादियस सांगतो, की इव्हाग्रियसला स्वप्न पडले: आपण बेड्यांत आहोत, आणि एक मित्र आपल्याकडून शुभवर्तमानावर हात ठेवून शहर सोडण्याची शपथ घेववतो आहे. जागा झाल्यावर तो म्हणाला, शपथ स्वप्नातली असली तरी शपथच. सामान गलबतावर चढवले आणि यरुशलेम गाठले.

तिथे सुटला म्हणावे, तर तसे नाही. यरुशलेमला पुन्हा कपड्यांचा थाट सुरू झाला, पांडित्याची घमेंड परतली, आणि मग सहा महिने हटत नाही असा ताप आला. वैद्यांनी हात टेकले. जैतूनाच्या डोंगरावर मेलानिया नावाची एक रोमन विधवा मठ चालवीत असे. या बाईने रोग बरोबर ओळखला. तुझे दुखणे साधे नाही, काय आहे ते सांग, असे तिने म्हणताच त्याने सगळे सांगून टाकले. संन्यास घेण्याचे वचन दिले आणि ताप उतरला. इजिप्तमध्ये तो दोन वर्षे नित्रियाला आणि पुढची चौदा वर्षे केलिया, म्हणजे ‘कोठड्या’, या वस्तीत राहिला. भाकरी, थोडे तेल, आणि पोटासाठी पोथ्यांच्या नकला करणे. अक्षर सुरेख होते.

इथे या माणसाने जे केले ते त्याच्या आधी इतक्या बारकाईने कोणी केलेले मला ठाऊक नाही. अंतोनीच्या कथेतले सिंह आणि विंचू बाजूला ठेवून त्याने आपल्या मनात काय काय येते ते टिपले. सैतान साध्या माणसांशी वस्तूंच्या द्वारे लढतो, पण एकांतातल्या माणसाशी विचारांच्या द्वारे लढतो, असे त्याचे निदान. असे विचार त्याला आठ सापडले: खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खेद, क्रोध, उबग, कीर्तीची हाव आणि गर्व. मराठी वाचकाला लगेच आपले षड्रिपू आठवतील. पण यादी ताडून पाहिली तर गंमत दिसते. आपला मत्सर या आठांत नाही, आणि त्याचे खेद व उबग आपल्या सहांत नाहीत. शिवाय त्याचा खादाडपणा म्हणजे फराळाच्या ताटावर तुटून पडणे नव्हे. उपास करणाऱ्याच्या मनात हळूच शंका शिरते, की पोट बिघडेल, यकृत सुजेल, पाणथरी वाढेल, दुखणे लांबेल, आणि इथे वैद्य तर जवळपास कोणी नाही. द्रव्यलोभ म्हणजेही हिरेमाणके नव्हेत: म्हातारपण लांब आहे, हात चालेनासे होतील, दुष्काळ पडेल, आणि दुसऱ्यापुढे हात पसरण्याची लाज वाट्याला येईल, हे चिंतन! घरातल्या कर्त्या माणसांनी हे वर्णन वाचून आपापल्या मनाशी हसावे. कीर्तीची हाव तर त्याने नाटकासारखी रंगवली आहे. संन्यासी कोठडीत बसल्या बसल्या पाहतो, की आपण धर्मगुरू होणार. लोक दारात दाटले आहेत. आपण नको म्हणतो आहोत, तरी ते बांधून उचलून नेत आहेत.

या आठांत सर्वांत अवघड म्हणून त्याने सांगितला तो उबग. ग्रीक शब्द ‘अकेदिया’. आळस म्हणावे तर यात माणूस स्वस्थ बसत नाही. कंटाळा म्हणावे तर तो शब्द फार हलका. इव्हाग्रियस त्याला मध्यान्हीचा सैतान म्हणतो. हे नाव ग्रीक स्तोत्रसंहितेतून आलेले. भर दुपारी बारा वाजता ओढ्याकाठी जाऊ नये, असे आपल्या कोकणातल्या आज्या सांगत, त्या वेळेचाच हा भाऊबंद. सकाळी दहाच्या सुमारास तो येतो आणि दोनपर्यंत ठाण मांडतो. सूर्य हलत नाहीसा वाटतो. दिवस पन्नास तासांचा होतो. संन्यासी खिडकीकडे पाहतो. मग बाहेर येऊन जेवणाची वेळ व्हायला, म्हणजे तीन वाजायला, सूर्य अजून किती लांब आहे ते न्याहाळतो. कोणी भाऊ भेटायला येतो आहे का म्हणून इकडे तिकडे बघतो. मग या जागेचाच तिटकारा येतो, हाताच्या कामाचा येतो. माणसांतली माया आटली आहे, आपली विचारपूस करणारे कोणी उरले नाही, असे वाटू लागते; त्यात अलीकडे कोणी दुखावले असेल तर तेही आठवते. दुसरीकडे काम सोपे मिळेल. देवाची भक्ती काय, कुठेही करता येते. मग घरची माणसे डोळ्यांपुढे येतात आणि उरलेले आयुष्य किती लांब आहे ते दिसू लागते.

अशी दुपार ज्याने कचेरीत काढली नाही असा वाचक विरळाच. पण त्या माळावर या दुपारीचा अर्थ निराळा होता. मनाने घेतलेला निर्णय त्या चार तासांत मोडत असे, आणि माणूस गाठोडे बांधून चालू लागे. इव्हाग्रियसचा उपाय अगदी साधा आहे: कोठडी सोडू नये. रडू आले तर रडावे. जिवाचे दोन भाग करावेत, एकाने दुसऱ्याची समजूत घालावी. आणि मग तो जे नोंदतो ते मला सर्वांत मोलाचे वाटते. या सैतानाच्या पाठोपाठ दुसरा कोणी लगेच येत नाही. झुंज संपल्यावर मनाला शांती आणि अवर्णनीय आनंद मिळतो. ज्या दुपारी देव अगदी नाहीसा झाला होता, त्याच दुपारच्या पलीकडच्या काठावर तो भेटतो.

मोह मनात येतो की नाही हे आपल्या हाती नाही, तो तिथे रेंगाळतो की नाही हे आपल्या हाती आहे, असे त्याने स्पष्ट लिहून ठेवले. हीच गोष्ट अडाणी म्हाताऱ्यांनी अधिक सोपी करून सांगितली. या म्हाताऱ्यांना ‘अब्बा’ म्हणत आणि म्हाताऱ्यांच्या बरोबरीच्या बायांना ‘अम्मा’. अब्बा पोईमेनकडे एक तरुण आला आणि म्हणाला, वाईट विचार फार येतात. पोईमेनने त्याला उघड्यावर नेऊन अंगरखा पसरून वारा धरायला सांगितले. वारा कसा धरणार? मग विचारांना येण्यापासून तरी कसा थांबवणार, म्हातारा म्हणाला. पण त्यांना नको म्हणणे तुझे काम आहे. बुटका योहान म्हणून एक होता. त्याने प्रार्थना करून सर्व विकार घालवले आणि आपल्याला आता काही त्रास नाही, असे एका वडीलधाऱ्याला सांगितले. त्याने शाबासकी द्यायची सोडून उलट आज्ञा केली: जा, आणि तुझी लढाई परत मागून घे, जीव वाढतो तो तिच्यावर. योहानाने ती मागून घेतली आणि त्यानंतर फक्त बळ मागितले. अम्मा सारा तर तेरा वर्षे कामवासनेशी झगडली, पण हे युद्ध थांबव अशी प्रार्थना तिने एकदाही केली नाही.

हे सारे तत्त्वज्ञान नुसते ऐकायला गोड म्हणून सांगत नव्हते. चुकीचे उत्तर दिले तर एक माणूस हातचा जात होता. योहान कासियन याने एक प्रसंग नोंदला आहे. एका तरुणाने आपल्या मनातली वासना एका वृद्ध तपस्व्याला सांगितली. तो संतापून म्हणाला, की तू संन्याशाच्या नावालाही लायक नाहीस. पोरगा खचला, आपण देवाच्या कामातून गेलो अशी खात्री होऊन शहराच्या वाटेला लागला, आता लग्नच करावे म्हणून. वाटेत अब्बा अपोलो भेटला. पडलेला चेहरा पाहून त्याने खोदून विचारले, आणि सगळे ऐकून म्हणाला, की अरे, या वयात मलाही हे विचार छळतात. एक दिवस थांब, परत फीर. मग अपोलो त्या कठोर म्हाताऱ्याच्या कोठडीबाहेर जाऊन उभा राहिला आणि त्याने प्रार्थना केली, की देवा, त्या पोराची लढाई या म्हाताऱ्यावर घाल. थोड्याच वेळात म्हातारा वेड्यासारखा बाहेर आला, आत गेला, पुन्हा बाहेर आला, आणि त्याच शहराच्या वाटेला लागला! अपोलोने त्याला अडवून चांगले सुनावले: आजवर सैतानाने तुझी दखलच घेतली नव्हती. ज्याच्यावर तो तुटून पडला त्या पोराची योग्यता तुला कळली नाही.

इव्हाग्रियस ३९९ च्या जानेवारीत, प्रकटीकरणाच्या सणाला, चौपन्नाव्या वर्षी वारला. मरणापूर्वी त्याने शिष्यांना सांगितले, की देहाच्या वासनेने त्रास दिला नाही असे हे आपले तिसरे वर्ष. मेला हे बरेच झाले म्हणावयाचे. कारण पुढच्याच वर्षी अलेक्झांड्रियाच्या बिशपाने त्याच्या मताच्या संन्याशांना माळावरून हाकलले. ओरिजेन नावाच्या जुन्या पंडिताची मते, आत्मे जन्मापूर्वीही होते आणि अखेर सगळेच देवाकडे परततील असली, इव्हाग्रियसने उचलली होती. ५५३ साली कॉन्स्टॅन्टिनोपलला भरलेल्या परिषदेच्या वेळी ती निषिद्ध ठरली. त्याचे कित्येक ग्रंथ ग्रीकमध्ये नष्ट झाले. सिरियाक आणि आर्मेनियन भाषांतरांत टिकले, तर प्रार्थनेवरचे पुस्तक नायलस या दुसऱ्याच संताच्या नावावर शेकडो वर्षे वाचले गेले. विकारांच्या पलीकडची जी स्थिती तो वर्णितो, जिला आपण स्थितप्रज्ञता म्हणू, तिच्यावर जेरोमने झोड उठवली: असा माणूस एक तर दगड असला पाहिजे नाही तर देव. टीका झणझणीत आहे, पण पुरती न्याय्य नाही. ती स्थिती म्हणजे शेवट नव्हे, तिच्या पोटी प्रेम जन्मते, असे इव्हाग्रियसने सांगितलेच होते.

त्याची यादी मात्र जगली. कासियनने ती मार्सेयला नेली. सहाव्या शतकाच्या अखेरीस थोरल्या ग्रेगरी पोपांनी ती फिरवून बांधली: गर्वाला सर्वांचे मूळ केले, मत्सर आत घेतला, उबग खेदात मिसळला आणि सात दोष केले. तीच पुढे सात महापातके झाली. पुढच्या शतकांत चित्रांत आली, कीर्तनांसारख्या प्रवचनांत आली. मला इथे थोडे हळहळल्यावाचून राहवत नाही. इव्हाग्रियसने लिहिले होते ते विचार. ते वैद्याचे टिपण होते. त्याचे आरोपपत्र झाले. आणि ज्याच्या मनात विचार आला तो आरोपी झाला, त्या वाटेवरच्या पोरासारखा.

केलियाची वस्ती वाळूखाली गेली होती. १९६४ साली फ्रेंच विद्वान आंत्वान गियोमाँ यांनी तिची जागा निश्चित केली. मग फ्रेंच आणि जिनीव्हाच्या पथकांनी खोदकाम केले. शेती आणि कालवे तोवर त्या माळावर पसरत चालले होते, त्यामुळे घाई होती. सापडली ती घरे बहुतेक सहाव्या ते आठव्या शतकांतली: मातीच्या विटांची, पूर्वेच्या भिंतीत प्रार्थनेचा कोनाडा, गिलाव्यावर रंगवलेले क्रूस, आणि कॉप्टिक भाषेतले लेख. त्यांतला एक लेख गियोमाँ यांनी प्रसिद्ध केला आहे. तो लिहिणारा संन्यासी येशूचे नाव अखंड जपत असे. त्यात सैतानाने त्याच्या मनात घातलेली शंका आधी मांडली आहे: तू सारखे येशूचेच नाव घेतोस, म्हणजे पित्याला आणि पवित्र आत्म्याला विसरलास की. आणि पुढे त्याच भिंतीवर त्या अनाम माणसाने तिला शांतपणे उत्तर दिले आहे, की येशूला हाक मारली म्हणजे पित्याला आणि आत्म्यालाही हाक पोहोचते.